एक टाका की सुईभर टाके: क्रोशा आणि सुयांवरचे विणकाम

मराठीत ‘विणकाम’ हा शब्द फार ऐसपैस आहे. पैठणी मागावर विणली जाते, थंडीसाठी स्वेटर विणला जातो आणि दारावरचे क्रोशाचे तोरणही विणलेलेच असते. मागावरचे काम उभ्या-आडव्या धाग्यांचे असल्यामुळे त्याचा इतरांशी घोटाळा सहसा होत नाही. परंतु लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन हातांनी करायची जी दोन कामे आहेत, ती पाहणाऱ्याला एकसारखी भासतात. त्यात आपण क्रोशाच्या आकडीलाही ‘क्रोशाची सुई’च म्हणतो, त्यामुळे दुकानात ‘विणायची सुई’ मागणाऱ्याच्या हातात कधी टोकाला आकडा असलेली एक बुटकी काडी पडते, तर कधी दोन लांब, टोकदार सुया. एखाद्या बारशासाठी किंवा लग्नासाठी हाताने काही करून द्यावे, या हौसेने शिकायला बसणाऱ्या व्यक्तीने ही दोन कामे आधी नीट वेगळी करून घेतली, तर तिचा पहिला महिना वाया जात नाही.

दोहोंत मूळ फरक सुयांच्या संख्येचा नाही, तो उघड्या राहणाऱ्या टाक्यांचा आहे. क्रोशात आकडीवर बहुतेक वेळा एकच फास जिवंत असतो. आकडी मागच्या ओळीतल्या टाक्यात खुपसायची, धागा ओढून घ्यायचा, टाका तिथल्या तिथे पुरा करायचा आणि पुन्हा एका फासावर येऊन थांबायचे. सुयांवरच्या विणकामात मात्र संपूर्ण ओळीचे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. एका सुईवरचे ऐंशी टाके एकेक करून दुसऱ्या सुईवर जातात, आणि पुढची ओळ येऊन त्यांना धरत नाही तोवर त्यांतला कोणताही टाका सुटून खाली घरंगळू शकतो. (ट्युनिशियन क्रोशा नावाचा एक प्रकार या दोहोंच्या मध्ये बसतो. त्यात लांब आकडीवर ओळभर फास जमवायचे आणि परतताना एकेक सोडायचे असतात; पण नवशिक्याने त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नये.) कापड ताणले जाते की नाही, आकार कसा येतो, चूक कशी दुरुस्त होते आणि कोणती वस्तू कशात करावी, हे पुढचे जवळजवळ सगळे भेद या एका गोष्टीतून निघतात.

तयार वस्तू हातात आली, तर ती कशी ओळखावी? सुयांवर विणलेल्या साध्या कापडाच्या सुलट बाजूला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या खुणांच्या उभ्या रांगा दिसतात आणि उलट बाजूला आडव्या, लहान लहान लाटा. क्रोशात टाक्यांची रचना उभ्या खांबांसारखी दिसते, आणि त्या कामातला शब्दही ‘खांब’ हाच आहे: पायाला साखळी, तिच्यावर आखूड मुका खांब किंवा उंच खांब, आणि जिथे जाळी हवी तिथे दोन खांबांच्या मध्ये पुन्हा साखळीची कमान. अंगावरचा टी-शर्ट भिंगाखाली धरला, तर त्यातही तेच बारीक ‘व्ही’ दिसतील, कारण ते कापड यंत्रावर झालेले असले तरी जातीने सुयांवरच्या विणकामाचेच आहे.

ताणाचा मुद्दा भेटवस्तूंच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. सुयांवरच्या कापडात धागा ओळीभर नागमोडी वळणांनी जातो. कापड ओढले की ती वळणे सरळ होतात आणि सोडले की बऱ्याच अंशी मूळ जागी येतात. दोन सुलट, दोन उलट अशा टाक्यांची पट्टी घातली, तर हा ताण आणखी वाढतो, म्हणूनच स्वेटरचे मनगट, कंबर आणि मोज्याचा वरचा भाग नेहमी तशा पट्टीचा असतो. क्रोशाचा टाका स्वतःभोवतीच आवळलेला असल्यामुळे त्याला सरकायला फारशी जागा नसते. त्याचे कापड जाड होते, आकार धरून राहते, आणि साधारणपणे तेवढ्याच क्षेत्रफळाला लोकरही जास्त लागते. क्रोशाचे मोजे होत नाहीत असे मुळीच नाही. पण ते पायाला बिलगून बसण्याऐवजी बुटासारखे उभे राहतात. उलट, सुयांवर विणलेली पिशवी चार बटाटे घातले की गुडघ्यापर्यंत लोंबू लागते.

आकार देण्याच्या बाबतीत क्रोशा फार मोकळा आहे, कारण उघडा फास एकच असल्याने पुढचा टाका कोणत्याही दिशेला टाकता येतो. गोल रुमालाचे उदाहरण येथे थोडे विस्ताराने घेण्यासारखे आहे. मधोमध एका कड्यात सहा मुके खांब घालतात, दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन घालून बारा करतात, मग अठरा, मग चोवीस. म्हणजे दर फेरीला सहाच टाके वाढतात. हा सहाचा आकडा परंपरेने पाठ केलेला असला, तरी त्यामागे शाळेतली भूमिती आहे. मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. प्रत्येक फेरीने वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढली, की परीघ त्याच्या सुमारे ६.२८ पट वाढतो, आणि त्या वाढीव परिघाला भरायला सहा टाके पुरतात. उंच खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतो, म्हणून त्याच्या गोलाला दर फेरीस बारा टाके वाढवावे लागतात. मुक्या खांबांच्या गोलात सहापेक्षा कमी वाढवले तर रुमालाची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. पण वाटी हवीच असेल, तर तीच चूक युक्ती ठरते. टोपी आणि बाहुलीचे डोके असेच घडते: काही फेऱ्या वाढवायचे, काही फेऱ्या तेवढेच ठेवायचे, आणि मग त्याच हिशेबाने उतरवत यायचे. जपानी भाषेतून आलेल्या ‘अमिगुरुमी’ या नावाने ओळखली जाणारी छोटी भरीव खेळणी प्रायः याच पद्धतीची असतात. सुयांवर गोल विणता येत नाही असे नाही. मोजे चार-पाच दुटोकी सुयांवर किंवा वायरने जोडलेल्या गोल सुईवर विणले जातात, परंतु सुरुवातीचे सहा-आठ टाके सांभाळताना नवशिक्याच्या हातातून निम्मे निसटतात.

चूक झाल्यावर दोन्ही कामांचे स्वभाव पुन्हा वेगळे दिसतात. क्रोशात आकडी काढून धागा ओढला की काम हवे तिथपर्यंत उसवते आणि उरलेल्या एका फासात आकडी घालून पुढे चालू करता येते. सुयांवरच्या कामात एखादा टाका सुटला तर तो ओळीमागून ओळ खाली घसरतो आणि कापडात शिडी पडते. मात्र ही शिडी भरून काढायला स्वेटर विणणाऱ्या अनुभवी बायका वापरतात ती क्रोशाचीच आकडी: सुटलेला फास पकडायचा, वरचा आडवा धागा त्यातून ओढायचा, असे एकेक पायरी करत वर यायचे. दोन सुयांच्या डब्यात एक आकडी का असते, याचे उत्तर हेच आहे. क्रोशाची चूक दिसते ती कडेला. ओळ संपल्यावर वळताना मुक्या खांबासाठी एक आणि उंच खांबासाठी साधारणपणे तीन साखळ्या घालतात. त्या तीन साखळ्या हा पहिला खांब धरायचा की नाही, याचा घोळ झाला की दर ओळीला एक टाका गळत जातो आणि चौकोनी मफलर नकळत त्रिकोणी होऊ लागतो. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या महिन्यात प्रत्येक ओळ संपली की टाके मोजणे. ते कंटाळवाणे आहे, हे मान्य.

यंत्रांचा इतिहासही या भेदाशी जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र १५८९ साली बनवले. टाक्यांची सबंध ओळ एकदम पुढे सरकत असल्यामुळे ते काम टोकाला आकडा असलेल्या सुयांच्या रांगेवर सोपवता आले, आणि आज लुधियानासारख्या शहरातला होजिअरीचा धंदा त्याच तत्त्वावर उभा आहे. क्रोशा वयाने बराच लहान: त्याचे छापील नमुने १८२३ च्या सुमारास एका डच नियतकालिकात आलेले आढळतात, आणि १८४५ नंतरच्या आयर्लंडच्या दुष्काळात त्याची लेस हे अनेक कुटुंबांच्या पोटापाण्याचे साधन झाले. तिकडे आंध्रातल्या नरसापूरच्या भागात ख्रिस्ती मिशनऱ्यांमार्फत एकोणिसाव्या शतकात ही लेस आली, आणि तिथल्या बायका ती आजही घरी बसून हातानेच करतात. आकडीच्या प्रत्येक टाक्याची जागा नव्याने शोधावी लागते, म्हणून खरा क्रोशा यंत्राच्या हाती लागलेला नाही. बाजारात स्वस्तात मिळणारी ‘क्रोशासारखी’ जाळी बहुधा वेगळ्या जातीच्या यंत्रविणीची असते. क्रोशाची भेट हाताने केलेली आहे, हे सांगावे लागत नाही, असा याचा एक अर्थ. दुसरा अर्थ असा, की दुकानातली क्रोशाची वस्तू फारच स्वस्त असेल, तर ती करणाऱ्या बाईच्या हाती किती पडले असतील, याचा विचार मनात यावा.

शिकणाऱ्याची खरी फसगत टाक्यांच्या नावांत होते. अमेरिकी आणि ब्रिटिश नमुन्यांत तेच शब्द वेगळ्या टाक्यांना वापरतात: ब्रिटिश लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो अमेरिकेत सिंगल क्रोशे (म्हणजे आपला मुका खांब), आणि अमेरिकी डबल क्रोशे हा ब्रिटिश ट्रेबल (म्हणजे आपला उंच खांब). आपल्याकडच्या जुन्या नमुना-पुस्तिका बहुधा ब्रिटिश पद्धतीच्या, तर समाजमाध्यमांवरचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकी. त्यामुळे एकाच रुमालाची मधली फेरी पुस्तिकेतून आणि कडा व्हिडिओतून घेतली, तर दोहोंची उंची जुळत नाही. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द आढळले, की तो अमेरिकी आहे असे समजावे, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही. सुयांच्या कामात ही भानगड नाही, सुलट आणि उलट इतकेच. तिथला घोटाळा सुयांच्या क्रमांकांचा. आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची ३.२५ आणि १२ नंबरची २.७५.

मग भेट म्हणून काय कशात करावे? बाळंतविड्याचा विचार केला, तर त्यातल्या वस्तू आपोआप दोन गटांत पडतात. स्वेटर, पायमोजे आणि कानटोपडे सुयांवरचे असावे, कारण बाळ महिन्या-महिन्याला वाढते आणि ताण घेणारे कापड त्या वाढीला थोडी सवलत देते. दूरगावच्या भाचीचे माप नसले तरी अंदाजाने विणलेला स्वेटर बहुधा बसून जातो. क्रोशाच्या टोपीला मात्र डोक्याचा घेर आधी विचारून घ्यावा. दुपटे दोन्हींत होते. क्रोशात केल्यास ठळक जाळीची वीण टाळावी, कारण तान्ह्याची बोटे त्या भोकांत अडकतात. दारावरचे तोरण, ताटाभोवतीची महिरप, देवापुढे मांडायची क्रोशाची रांगोळी, रुखवतातले रुमाल आणि टेबलावरची आच्छादने हा तर क्रोशाचा हक्काचा प्रांत आहे, कारण त्या वस्तूंना ताण नको असतो, आकार हवा असतो. माझे मत विचाराल, तर पंधरा दिवसांत भेट द्यायची असणाऱ्याने क्रोशाने सुरुवात करावी. महिरपीची एक पाकळी एका संध्याकाळी होते आणि मधेच काम खाली ठेवले तरी टाके सुटायची भीती नसते. स्वेटर हे पहिल्या वर्षाचे काम नव्हे, आणि लग्नाच्या आठवडाभर आधी तर मुळीच नव्हे.

धाग्याबाबत आपला ‘लोकर’ हा शब्दही फसवा आहे. दुकानात लोकर म्हणून जे रंगीबेरंगी गुंडे मिळतात, त्यांतले पुष्कळसे ॲक्रिलिकचे असतात. ते स्वस्त असते, धुवायला सोपे असते आणि मफलर किंवा खेळण्यांना उत्तम चालते. पण उष्णतेने ते वितळते, म्हणून गरम भांडे उतरवायची चकती त्याची करू नये, ती सुती दोऱ्याचीच करावी. तोरणाला आणि महिरपीलाही घट्ट पिळाचा सुती दोरा बरा, त्याने कडा रेखीव येतात. खरी लोकर ऊबदार, परंतु गरम पाण्यात घुसळली की ती आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. परदेशी राहणाऱ्या नातवासाठी आजीने अशा लोकरीचा स्वेटर पाठवला आणि तिकडे तो इतर कपड्यांबरोबर यंत्रात गेला, तर बाहेर येतो तो बाहुलीच्या मापाचा. म्हणून धागा कशाचा आहे आणि धुवायचे कसे, हे दोन ओळींत लिहिलेली चिठ्ठी भेटीबरोबर घालावी.

तान्ह्यासाठी असलेल्या वस्तूंत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. खेळण्याचे डोळे मण्यांचे किंवा बटणांचे न लावता काळ्या दोऱ्याने भरावेत, कारण ओढून निघालेले बटण थेट तोंडात जाते. पायमोजा पुरा झाल्यावर तो उलटा करून आतली टोके निदान दोन दिशांनी टाक्यांतून ओवून पक्की करावीत. आत सैल राहिलेला धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो, आणि ते बाळ रडते का आहे, हे मोजा काढेपर्यंत घरात कोणालाच कळत नाही.