युरोपात ‘अवे’ मॅच बघायला जायचंय? आधी व्हिसाचं गणित मांडा

फुटबॉल म्हटलं की कोल्हापूर, हे मान्य. पण चॅम्पियन्स लीगसाठी रात्री दीडला जागणारी पोरं सोलापुरातही आहेत. आपल्या इंग्लिश क्लबामागे स्पेन-जर्मनीला ‘अवे’, म्हणजे दुसऱ्याच्या मैदानावरच्या मॅचला जायचं असेल, तर आधी एक घोळ मिटवू. क्लब इंग्लंडचा असला तरी मॅच माद्रिदला असेल तर ब्रिटनचा व्हिसा चालत नाही. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो, आणि अर्ज मुख्य मुक्काम ज्या देशात त्याच देशाकडे करायचा. जोडून लंडन बघायचं म्हटलं की दुसरा व्हिसा, दुसरी फी.

मॅच निवडतानाच वेळेचा विचार करा. लीग टप्प्याचा ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची सोडत, ऑगस्टअखेर निघतो; प्रत्येक क्लबाच्या आठ मॅच, त्यातल्या चार बाहेर. नोव्हेंबर किंवा जानेवारीची धरली तर हाताशी महिने असतात. बाद फेरीच्या नादी लागू नका. ड्रॉनंतर दोन-तीन आठवड्यांत मॅच येते, तर शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि निर्णय ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात.

पासपोर्ट नसेल तर सुरुवात तिथून. ऑनलाइन अर्ज भरून वेळ घ्या. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळचे वर २,०००. जुना असेल तर तो परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालायला हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.

व्हिसाची फी मोठ्यांसाठी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. पुण्यात भागतंय की मुंबई गाठावी लागेल, हे देशावर अवलंबून, तेव्हा गाडीचं तिकीट काढण्याआधी बघून घ्या. फॉर्म, फोटो, विमान आणि हॉटेलचं बुकिंग, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, एवढं सगळ्यांनाच लागतं.

खरी परीक्षा पैशाच्या कागदांची. नोकरदारानं पगाराच्या स्लिपा आणि रजा मंजुरीचं पत्र जोडावं. टॉवेल-चादरीचा धंदा असेल तर उद्यम नोंदणी, जीएसटी आणि आयकर विवरणपत्रं. विद्यार्थ्याचा खर्च वडील करणार असतील तर त्यांचं पत्र आणि त्यांचेच बँकेचे कागद. स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आठवड्यात मेव्हण्याकडून आलेले दोन लाख दिसले की अधिकाऱ्याच्या भुवया वर जातात. खातं आधीपासून नीट वापरात असलेलं बरं. सातबारा जोडणार असाल तर इंग्रजी भाषांतरासह.

मॅचचं तिकीट म्हणजे व्हिसाची हमी नव्हे, फक्त जाण्याचं कारण दाखवायला त्याचा उपयोग. पाहुण्या क्लबाला साधारण ५ टक्केच जागा मिळतात आणि त्या बहुधा जुन्या, नियमित जाणाऱ्या सभासदांकडे जातात. नवख्यानं क्लबाचं सभासदत्व घेऊन अर्ज करावा. सोशल मीडियावरच्या ‘एक्स्ट्रा तिकीट’वाल्याला पैसे पाठवू नयेत. यजमानांच्या स्टँडचं तिकीट काढून पाहुण्यांची जर्सी घातली तर गेटवरूनच परत पाठवू शकतात.

परतीचं विमान मॅचच्या रात्रीचं धरू नका. स्पेन-इटलीत सुरक्षेसाठी पाहुण्या प्रेक्षकांना मॅचनंतर बराच वेळ आतच थांबवून ठेवतात.