नाचणीचा चोथा आणि फिनॉलिक आम्ले

नाचणीचे सत्त्व काढताना भिजवलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळतात. भांड्याच्या तळाशी पांढरे सत्त्व बसते आणि फडक्यात उरलेला तपकिरी चोथा बहुतेक घरांत टाकून दिला जातो. लहान बाळाला किंवा आजाऱ्याला पचायला हलके म्हणून सत्त्व योग्यच आहे; परंतु नाचणीतील फिनॉलिक आम्ले (वनस्पतींत तयार होणारी एक प्रकारची नैसर्गिक रसायने) प्रामुख्याने दाण्याच्या सालीत असल्यामुळे त्यांचा मोठा वाटा या चोथ्याबरोबर निघून जातो, हे धडधाकट माणसांनी तरी लक्षात घ्यायला हवे.

वनस्पती ही आम्ले मुख्यतः स्वतःसाठी तयार करतात. पेशीभित्तिका बळकट करणे आणि कीड, बुरशी व अतिनील किरणे यांपासून बचाव करणे, ही त्यांची कामे. आवळ्यातील गॅलिक आम्ल, कॉफी आणि वांग्यातील क्लोरोजेनिक आम्ल, तृणधान्यांतील फेरुलिक आम्ल ही त्यांपैकी ठळक उदाहरणे. यांतले फेरुलिक आम्ल १८६६ मध्ये हिंगाच्या झाडाच्या चिकापासून प्रथम वेगळे करण्यात आले. चिरलेले वांगे काळे पडते तेही क्लोरोजेनिक आम्लामुळेच: पेशी फुटल्या की विकर (एन्झाइम) आणि हवेतील ऑक्सिजन यांच्याशी त्याची गाठ पडते, म्हणून फोडी लगेच पाण्यात टाकायच्या.

परीक्षानळीत ही आम्ले मुक्त मूलकांना (पेशींना इजा करू शकणाऱ्या अतिक्रियाशील कणांना) निष्प्रभ करतात, आणि ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून त्यांच्या गोळ्या विकल्या जातात त्या याच आधारावर. शरीरातील व्यवहार मात्र बराच वेगळा आहे. क्लोरोजेनिक आम्लाचा सुमारे एक तृतीयांश भागच लहान आतड्यात शोषला जातो. गव्हातील ९० टक्क्यांहून अधिक फेरुलिक आम्ल तर कोंड्यातील तंतूंना रासायनिक बंधांनी जखडलेले असते. आपल्या पाचकरसांना ते बंध तोडता येत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते काम करतात, आम्ल हळूहळू मोकळे करतात आणि त्याचे लहान रेणूंत रूपांतर करतात. म्हणूनच आम्ल आणि तंतू यांचा विचार एकत्रच करावा असे मला वाटते. अख्खी धान्ये नियमित खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि टाइप २ मधुमेह यांचे प्रमाण कमी आढळते, पण त्याचे सारे श्रेय एकट्या फिनॉलिक आम्लांना देता येणार नाही. त्यात तंतूंचा आणि खनिजांचाही वाटा आहे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. नाचणीच्या सालीतील टॅनिन आणि तत्सम फिनॉलिक संयुगे लोहाला बांधून ठेवतात, त्यामुळे ते शरीरात कमी शोषले जाते. ज्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, विशेषतः गरोदर स्त्रियांनी, नाचणीच्या भाकरीबरोबर लिंबू किंवा पेरू असे क जीवनसत्त्व देणारे काही घ्यावे आणि जेवणाला लागून चहा पिणे टाळावे. नाचणीला मोड आणून पीठ केल्यानेही हा अडथळा कमी होतो.