कॉलमध्ये आवाज मागे का पडतो?

स्पीड टेस्टचा आकडा चांगला येतो, तरी कॉलवर दोघे एकदमच बोलू लागतात. अशा वेळी वेग पुरेसा असूनही पॅकेटची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग साचलेली असते, आणि मोबाईलवर ती बहुधा आपलीच असते. टॉवर प्रत्येक ग्राहकाचा बफर (डेटा थांबण्याची जागा) वेगळा ठेवतो; अपलोडची रांग तर फोनमध्येच लागते. हवेत बिघडलेले पॅकेट रेडिओ पुन्हा पाठवतो, म्हणून पॅकेट फारसे गळत नाहीत, खोळंबतात. अपलोड १ एमबीपीएस असताना फोटो बॅकअपचा २५० केबी डेटा पुढे लागला, तर मागच्या आवाजाला पूर्ण २ सेकंद थांबावे लागते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे सहज संभाषणासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा!

तपासायला लॅपटॉप हॉटस्पॉटवर घ्या, एक मिनिट पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालवा. मग पिंग चालू असतानाच मोठी फाइल अपलोड करा. ५० मिलिसेकंदांचे ६०० झाले, तर मधला फरक म्हणजे रांग. काहीच चालू नसताना पिंग उड्या मारत असेल, तर सिग्नल कमकुवत आहे किंवा टॉवरवर गर्दी आहे. तिथे जागा बदलून पाहा, सेटिंगने फारसे साधणार नाही.

रांग असेल तर कॉलपुरता फोटो बॅकअप आणि क्लाउड सिंक बंद ठेवा, हॉटस्पॉटवरची इतर उपकरणे काढा. आमच्या कॉलिंग ॲपमधली 'कमाल बिटरेट' (सेकंदाला जास्तीत जास्त किती डेटा पाठवायचा ती मर्यादा) मोजलेल्या अपलोडच्या सुमारे ७० टक्के ठेवा. अगदी काठोकाठ ठेवू नका, कारण मोबाईलचा वेग सेकंदा-सेकंदाला बदलतो. ॲप पॅकेट गळायची वाट पाहत नाही. विलंब वाढू लागताच आधी व्हिडिओ उतरवते, आवाज शेवटपर्यंत जपते. चित्र धूसर झाले म्हणून मर्यादा वाढवलीत, तर रांग पुन्हा साचेल.

आवाजाची फ्रेम, म्हणजे एका पॅकेटमध्ये जाणारा आवाजाचा तुकडा, २० मिलिसेकंदांचीच राहू द्या. सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकावर ४० बाइट हेडर (पत्ता वगैरे माहिती), म्हणजे १६ केबीपीएस नुसत्या हेडरवर जातात. फ्रेम ६० ची केली तर हे सुमारे ५ वर येते, पण विलंब ४० मिलिसेकंदांनी वाढतो. नेटवर्क फारच क्षीण असेल तरच हा सौदा परवडतो.

कार्यालयाच्या फायरवॉलने यूडीपी (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणारी पाठवण्याची पद्धत) अडवले, तर कॉल टीसीपीवर, म्हणजे सगळी पॅकेट क्रमानेच पोहोचवणाऱ्या पद्धतीवर, जातो. तिथे एक पॅकेट हरवले की ते परत येईपर्यंत मागची सगळी अडून राहतात. आयटी विभागाकडून यूडीपी ३४७८ पोर्ट खुला करून घ्या, आणि टीसीपीवर चालणारा व्हीपीएन कॉलपुरता बंद ठेवा.