एमएसमध्ये कान चांगले असूनही बोलणं का कळत नाही

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) असलेला माणूस सांगतो की चारचौघांत बोललेलं कळत नाही, मग ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, होतो, तो नॉर्मल येतो, आणि लगेच घरचे म्हणतात तुझं लक्षच नसतं, किंवा कुणीतरी सुचवतं की कानाचं मशीन लावून बघ. दोन्ही ऐकून खरंच वीट आलाय.

कमी ऐकू येणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहितीये. मळ, पडदा, आतल्या केसपेशी, कुठेतरी आवाज अडतो आणि आत कमी पोचतो. त्यावर वेळ घालवत नाही.

एमएसमध्ये बऱ्याचदा कान आपलं काम नीट करतो, गडबड त्याच्या पुढे मेंदूकडे जाणाऱ्या रस्त्यात असते. नसांवरचं मायलिन, म्हणजे त्यांचं आवरण, खराब झालं की सिग्नल रेंगाळतात, मागेपुढे पोचतात. आणि ऐकण्यात टायमिंगच सगळं आहे हो! आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे मेंदू दोन कानांत तो किती फरकाने पोचला त्यावरून ओळखतो, आणि हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. गर्दीतून एकाचाच आवाज वेगळा काढायला हाच हिशोब लागतो, तो चुकला की सगळ्यांचं बोलणं एकमेकांत मिसळतं, आवाज भरपूर येतो पण शब्द सुटे होत नाहीत.

आता ऑडिओग्राममध्ये काय करतात बघा. शांत खोली, हेडफोन, 250 ते 8000 हर्ट्झचे सूर एकेक करून, ऐकू आला की बटण दाबायचं. यात गोंगाटातलं बोलणं कुठंय? टेस्ट करायचीच, कारण एमएससोबत साधा बहिरेपणाही असू शकतो, पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून विषय संपवू नका, ऑडिओलॉजिस्टला स्पीच-इन-नॉइज (गोंगाटातलं बोलणं ओळखायची) आणि डायकॉटिक टेस्टबद्दल विचारा. डायकॉटिकमध्ये दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवतात आणि एमएसमध्ये डावीकडचे जास्त सुटू शकतात. तेव्हा डावा कान गेला असं समजू नका, बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते आणि डाव्या कानातले शब्द कॉर्पस कॅलोझम, म्हणजे मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल, ओलांडून तिथे जातात, एमएसचा घाव बऱ्याचदा या पुलावरच बसतो.

म्हणून नुसता आवाज वाढवून भागत नाही, मशीन पंख्याची घरघरही वाढवतं. आणि कृपा करून ओरडू नका! काठ, पाठ, साठ यातला फरक पहिल्या व्यंजनात आहे, ओरडलं की लांबतो तो आ. समोर या, टीव्ही बंद करा, जरा सावकाश बोला.

लिसनिंग ट्रेनिंगने मायलिन भरून येत नाही, तो सराव आहे, आधी शांततेत बोलणं ऐकायचं मग मागचा गोंगाट थोडा थोडा वाढवायचा. ज्याचा सराव त्यातच फायदा जास्त दिसतो, त्यामुळे नुसत्या बीप ओळखायच्या अ‍ॅपपेक्षा मी बोलण्याचाच सराव घ्या म्हणेन, तोही थकवा नसताना, थोडा थोडा. आणि सोबत रिमोट माइक, म्हणजे बोलणाऱ्याच्या गळ्याशी माइक आणि तुमच्या कानाशी रिसीव्हर, हा तर आधी ट्राय करा.

एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर मात्र ट्रेनिंग वगैरे बाजूला, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तो रिलॅप्स, म्हणजे एमएसचा नवा झटका, असू शकतो किंवा कानाचंच काही.