पांढरे सिंह लहान प्राणिसंग्रहालयांपर्यंत कसे पोहोचले

एखाद्या लहान प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या सिंहांची जोडी दाखल होते, तेव्हा तिची जाहिरात बहुधा दोन गोष्टी एकत्र करून केली जाते. हा प्राणी अत्यंत दुर्मीळ आहे ही पहिली, आणि तो आणून संस्थेने त्याच्या संवर्धनाला हातभार लावला आहे ही दुसरी. पहिल्या गोष्टीत तथ्य आहे, पण ते फक्त जंगलापुरते. दुसरी गोष्ट तपासायची तर हे सिंह कुठून आले, त्यांची पैदास कशी झाली आणि प्रेक्षकांना त्यांचे आकर्षण केव्हापासून वाटू लागले, हे पाहावे लागते. हा इतिहास अवघ्या पन्नास वर्षांचा आहे.

पांढरा सिंह ही वेगळी जात नाही, उपजातही नाही. तो आफ्रिकेतला सिंहच आहे. त्याच्या रंगद्रव्य तयार करणाऱ्या एका जनुकात बदल झालेला असतो. हा बदल टायरोसिनेज नावाच्या विकराच्या जनुकात असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. या बदलामुळे रंगद्रव्य पूर्णपणे नाहीसे होत नाही, ते कमी होते. म्हणूनच या सिंहांचे डोळे वर्णहीन प्राण्यांसारखे लालसर नसून सोनेरी किंवा निळसर-करडे असतात, आणि जन्मतः जवळजवळ शुभ्र असणारे छावे वयात येताना मलईसारख्या किंवा फिकट पिवळसर रंगाकडे झुकतात. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडूनही बदललेले जनुक मिळाले तरच छावा पांढरा होतो. एकाच बाजूने ते मिळालेला सिंह दिसायला नेहमीसारखा पिंगट असतो, पण पुढच्या पिढीला ते देऊ शकतो. पुढे जे काही घडले ते या एका गोष्टीवर उभे आहे.

या रंगाचे मूळ ठिकाण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम सीमेला लागून असलेला टिंबावाटी परिसर. तेथील लोकांच्या मौखिक परंपरेत पांढऱ्या सिंहांना पवित्र मानले जाते. बाहेरून आलेल्या लोकांच्या नोंदींत ते १९३८ पासून आढळतात. जगाचे लक्ष मात्र त्यांच्याकडे १९७५ मध्ये वळले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये टिंबावाटीत सिंहांचा अभ्यास करणारे क्रिस मॅकब्राइड यांना एका पिंगट सिंहिणीसोबत दोन पांढरे छावे दिसले. त्यांची नावे टेंबा आणि टोंबी अशी ठेवण्यात आली. मॅकब्राइड यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे आणि त्यातील छायाचित्रांमुळे ही भावंडे जगभर पोहोचली. जंगलात ती जगणार नाहीत या भीतीने पुढे त्यांना प्रिटोरियाच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आले. त्यामागचा हेतू प्रामाणिक होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण पांढऱ्या रंगाचे जनुक जंगलातून कुंपणाच्या आत येण्याची वाट इथूनच रुळली.

यानंतरच्या वीस वर्षांत दोन उलट दिशांनी बदल होत गेले. जंगलातले पांढरे सिंह कमी होत गेले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दशकभर मोकळ्या रानात एकही पांढरा सिंह दिसल्याची नोंद झाली नाही. कळपांतले मोठे नर ट्रॉफीसाठी, म्हणजे मुंडके-कातडे शिकारीची आठवण म्हणून नेण्यासाठी, मारले जाणे आणि सिंह पकडून बंदिस्त पैदाशीसाठी नेले जाणे, ही त्यामागची प्रमुख कारणे सांगितली जातात. तरीही जनुक संपले नव्हते. ते पिंगट सिंहांच्या शरीरात होते, आणि २००६ मध्ये त्या परिसरात पुन्हा पांढरे छावे जन्मले. माझ्या मते या साऱ्या कथेतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. टिंबावाटीतला पांढरा रंग टिकविणे म्हणजे तेथील सर्व सिंहांचे, पिंगट सिंहांसह, कळप अखंड ठेवणे होय. दूरच्या पिंजऱ्यात पांढऱ्या सिंहांची संख्या वाढविल्याने त्या कळपांना काहीही मिळत नाही.

पांढरा सिंह जंगलात लपू शकत नाही, त्यामुळे शिकार करू शकत नाही, म्हणून त्याला बंदिस्त ठेवणे हेच त्याच्या हिताचे, असा युक्तिवाद बराच काळ केला गेला. पण पांढऱ्या सिंहांच्या संरक्षणासाठी लिंडा टकर यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने बंदिवासात जन्मलेले पांढरे सिंह त्यांच्या मूळ परिसरातील राखीव क्षेत्रात सोडले. तेथील नोंदींवर आधारित, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पांढऱ्या आणि पिंगट सिंहांच्या शिकारीच्या यशात लक्षणीय फरक आढळला नाही. सिंह बरीचशी शिकार अंधारात आणि गटाने करतात, हे लक्षात घेतले तर या निष्कर्षाचे आश्चर्य वाटत नाही.

कुंपणाच्या आतल्या बाजूला मात्र संख्या वाढत होती. इथे पांढऱ्या वाघाचा नमुना डोळ्यांसमोर होता. रेवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी १९५१ मध्ये पकडलेल्या मोहन या पांढऱ्या वाघाचा संबंध त्याच्याच मुलीशी, राधाशी, घडवून १९५८ मध्ये पांढरे बछडे मिळविण्यात आले. त्यांपैकी मोहिनी ही वाघीण १९६० मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात पोहोचली आणि तिला पाहायला गर्दी लोटली. पुढे जगभरच्या पांढऱ्या वाघांचा मोठा हिस्सा जवळच्या नात्यांतल्या प्रजननातून तयार झाला, आणि तिरळेपणासह अनेक व्यंगे त्यांच्यात दिसू लागली. वाघातला रंगबदल आणि सिंहातला रंगबदल वेगवेगळ्या जनुकांतले आहेत, त्यामुळे वाघाची सगळी व्यंगे सिंहाला चिकटविणे चुकीचे ठरेल. पांढऱ्या सिंहाला धोका आहे तो रंगापेक्षा त्या रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचा.

ही पद्धत समजून घेतली पाहिजे. जनुक वाहणाऱ्या दोन पिंगट सिंहांच्या संततीत सरासरी एक चतुर्थांश छावे पांढरे होतात. पांढरा सिंह आणि वाहक सिंहीण असेल तर निम्मे. दोघेही पांढरे असतील तर सगळेच. ज्याला पांढरे छावे विकायचे आहेत त्याला तिसरा मार्ग सर्वांत सोपा वाटतो, आणि मूळ पूर्वज मोजकेच असल्याने त्या मार्गावर थोड्याच पिढ्यांत भावंडे आणि चुलत भावंडे यांच्यात प्रजनन होऊ लागते. जो पहिल्या दोन मार्गांनी जातो त्याच्याकडे पिंगट छावे उरतात. पाहुण्यांना ते छावे कोणी दाखवत नाही. मग ते कुठे जातात, हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहपैदाशीच्या व्यवसायाशी थेट जाऊन भिडतो.

त्या देशात कुंपणात वाढविलेल्या सिंहांची संख्या आठ ते बारा हजारांच्या दरम्यान असल्याचे अंदाज आहेत. छावे लहान असताना पर्यटकांना त्यांना हाताळू दिले जाते, थोडे मोठे झाले की त्यांच्यासोबत फिरवले जाते, आणि पूर्ण वाढ झाली की अनेकांचा शेवट बंदिस्त क्षेत्रातल्या शिकारीत होतो. १९९७ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीने या शिकारीची दृश्ये दाखविली, तेव्हा जगभर संताप उसळला. सरकारने शिकारीपूर्वी सिंहाला दोन वर्षे मोकळे सोडण्याची अट घालण्याचा प्रयत्न केला, पण पैदासकारांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले आणि २०१० मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये सिंहांच्या ट्रॉफींची आयात बंद केली. अमेरिकेने २०१६ मध्ये बंदिवासात वाढविलेल्या सिंहांच्या ट्रॉफींना दार बंद केले. दरम्यान हाडांचा व्यापार वाढला होता, आणि २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ८०० सांगाड्यांच्या निर्यातीचा कोटा ठरविला. वेगळ्या रंगाच्या सिंहाला या बाजारात प्रदर्शनासाठीही मागणी होती आणि बंदुकीसमोरही.

याच काळात पांढरे सिंह आफ्रिकेबाहेर पसरले. लास वेगासमधल्या सिगफ्रीड आणि रॉय यांच्या जादूच्या प्रयोगांनी त्यांना रंगमंचाचे प्राणी बनविले. सर्कशी, सफारी पार्क आणि खासगी संग्रहालये त्यांच्या मागोमाग आली. मोठ्या संस्था याच सुमारास विरुद्ध दिशेला वळत होत्या. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये, आणि त्यानंतर युरोपातील संघटनेनेही, दुर्मीळ अप्रभावी रंगांसाठी मुद्दाम प्रजनन करण्याच्या विरोधात भूमिका जाहीर केली. त्यांचे म्हणणे असे की संस्थांकडे जागा मर्यादित असते, एका सिंहाचे आयुष्य बंदिवासात वीस वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि ती जागा रंगासाठी अडविली तर जनुकीय विविधता जपण्याच्या नियोजनबद्ध कार्यक्रमांतल्या प्राण्यांना ती मिळत नाही. शिवाय पांढरे सिंह अशा कार्यक्रमांत बहुधा बसतही नाहीत, कारण त्यांची वंशावळ अपुरी असते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत सिंह असुरक्षित वर्गात आहे, पण पांढऱ्या रंगाची तिथे वेगळी नोंद नाही.

लहान प्राणिसंग्रहालयाची अडचण खरी असते, हे मान्य केले पाहिजे. तिकिटांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या संस्थेला हत्ती किंवा पांडा परवडत नाही; पांढरा सिंह परवडतो, छायाचित्रात उठून दिसतो, आणि पहिल्या एक-दोन हंगामांत गर्दी खेचतो. नवलाई ओसरल्यावर मात्र रोजचे मांस, भक्कम कुंपण, पशुवैद्यकीय उपचार आणि प्रशिक्षित माणसे यांचा खर्च पुढची पंधरा-अठरा वर्षे तसाच राहतो. गर्दी पुन्हा आणायची तर छावे हवे, असा विचार इथे बळावतो, आणि नर-मादी एकाच पैदासकाराकडून आलेली असतील तर ती एकमेकांची भावंडे असण्याची शक्यता मोठी असते.

दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी मे २०२१ मध्ये उच्चस्तरीय समितीच्या शिफारशी स्वीकारून सिंहांची बंदिस्त पैदास थांबविण्याचा निर्णय जाहीर केला, आणि व्यवसायातून स्वेच्छेने बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी मार्ग ठरविण्यास पुढे कार्यदल नेमले गेले. त्याची अंमलबजावणी संथ आहे. त्यातच इतर खंडांवर पांढऱ्या सिंहांची पैदास आता स्वतंत्रपणे चालू शकते. एका संग्रहालयातले छावे दुसऱ्याला दिले जातात आणि आफ्रिकेतून नवा सिंह आणण्याची गरजही पडत नाही. त्यामुळे जोडी आणणाऱ्या संस्थेला विचारण्यासारखे प्रश्न ठरलेले आहेत: दोघांच्या किमान तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर आहे का, त्यांची पिंगट भावंडे कुठे आहेत, आणि ही जोडी एकत्र ठेवण्यापूर्वी नराची नसबंदी किंवा मादीला गर्भनिरोधक देण्याची तजवीज झाली आहे का.