सांडव्याखालून निघणारा नाला

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात कितीतरी छोटे नाले एखाद्या तलावाच्या सांडव्याखालून निघतात. पुढे ते चुलबंद, गाढवीसारख्या नद्यांना मिळतात आणि त्यांचे पाणी वैनगंगेत जाते. नाला कोरडा का पडतो, हे कळायला आधी वरचा तलाव समजून घ्यावा लागतो.

पश्चिम विदर्भात काळी माती आणि तिच्याखाली बेसाल्ट आहे. पूर्वेकडे जुना कठीण खडक असल्याने पाणी फारसे मुरत नाही, उतारही सौम्य. दोन टेकड्यांमधला ओहोळ मातीच्या पाळीने अडवला की पाणी पसरून तलाव होतो. पाऊस चांगला १२०० मिलिमीटरच्या पुढे पडतो, पण पोळ्याच्या आसपास त्याने दडी मारली आणि तेव्हाच धान गर्भात असले, तर लोंब पोचट निघते. हे तलाव बांधले गेले ते त्या दोन-तीन आठवड्यांच्या पाण्यासाठी.

गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळे. चंद्रपूरकडच्या ‘तुकूम’ या गावनावांत त्या सनदांची खूण उरली आहे. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे. गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध तलाव उभारण्याचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांकडे गेले. मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि ते सरकारजमा झाले, म्हणून आजचे नाव माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे आले, त्याहून मोठे पाटबंधारे विभागाकडे. दरवर्षी उन्हाळ्यात पाळीवर माती टाकण्याची गावाची सवय मात्र कोणाच्याच खात्यात आली नाही, आणि खरे नुकसान तिथून सुरू झाले.

तलावातून नाल्याला पाणी तीन वाटांनी येते: भरल्यावर सांडव्यावरून, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडल्यावर नहरीतून धानाच्या बांध्यांत (बांध घातलेल्या शेतांत) आणि बांध्यांतून निथळून, आणि पाळीखालच्या पाझरातून. पावसाळा सरल्यावर नाला ओला राहतो तो मुख्यतः शेवटच्या दोन वाटांमुळे. तलावात गाळ साचला की साठा घटतो, सांडवा लवकर सुटतो, पुराचे पाणी एकदम वाहून जाते आणि पुढे नाल्यात वाळूच उरते. पाणी वाढवायला काही जण सांडव्यावर दगड नि पोती रचतात. ते फार धोक्याचे आहे, कारण पाणी पाळीवर चढते. उंदीर-खेकड्यांची बिळे किंवा कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या असतील तिथून पाळ फुटते. गाळ काढतानाही पाळीच्या पायथ्याशी खोदू नये, तिथला चिकण थर फुटला की तलाव गळू लागतो. तलावात माजणारी बेशरम ही झुडपी वनस्पती नुसती कापून भागत नाही, खोड चिखलात पडले की पुन्हा फुटते. मुळासकट उपटून काठाबाहेर वाळवावी लागते.

दुरुस्तीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. जुने सांडवे उतरते, दगडी. पहिल्या पुरात नाल्यातले चढणीचे मासे त्यावरून तलावात अंडी घालायला जात, ढिवरांची मासेमारी यावरच उभी होती. आता तिथे सरळ उभी काँक्रीटची भिंत घातली जाते. मासा तिच्या पायथ्याशी उसळ्या मारत राहतो, वर जाऊ शकत नाही. भिंतीच्या एका कडेला दगडांचा उतार ठेवला तरी त्याची वाट मोकळी होते.