सुपरचार्जरसाठी इंजिनाची फेरबांधणी

सुपरचार्जर बसवण्याआधी मोटारीचे इंजिन पूर्ण खोलणे, प्रत्येक भाग मोजणे, लागेल तिथे बोअरिंग-ग्राइंडिंग करणे आणि वाढीव दाब व उष्णता सोसतील असे भाग घालून ते पुन्हा जुळवणे. मुंबईच्या गॅरेजांत याला सरसकट ‘फुल इंजिन’ म्हणतात, पण नेहमीच्या फुल इंजिनात सगळे कंपनीच्या मूळ मापांवर परत आणायचे असते. इथे काही मापे मुद्दाम मूळ मापांपासून दूर न्यायची असतात. हा फरक न कळता केलेल्या कामातून नव्यासारखे घट्ट इंजिन मिळते, आणि बूस्टखाली (सुपरचार्जरने हवेचा दाब वाढवल्यावर) तेच सर्वांत आधी फुटते.

सुपरचार्जर म्हणजे क्रँकच्या (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) पुलीवरून पट्ट्याने फिरणारा हवेचा पंप. रूट्स, ट्विन-स्क्रू आणि सेंट्रिफ्युगल हे त्याचे रूढ प्रकार. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेला ब्लोअर मोटारीसाठी नव्हता. विक्रीच्या मोटारींत तो मर्सिडीजने १९२१ मध्ये आणला. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, सुपरचार्जर मात्र क्रँककडूनच ताकद घेतो. त्यामुळे क्रँकचे पुढचे टोक, तिथली चावी आणि पुढचे मेन बेअरिंग यांच्यावर पट्ट्याचा कायमचा ताण येतो. चावीची खाच किंचितही फाकलेली असेल, तर तो क्रँक या कामासाठी घेऊ नये.

कम्प्रेशनचा हिशेब : कम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते. बूस्ट त्यात भर घालतो, म्हणून इथे ते उतरवावे लागते. मारुतीच्या एस्टीम आणि जिप्सीतले १.३ लिटरचे जी-१३ इंजिन उदाहरणाला घेऊ. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) ७५.५ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान ३२४.७ घन सेंटीमीटर (घसेंमी). कम्प्रेशन ९.५:१ धरले तर पिस्टन माथ्यावर असताना उरणारी जागा ३८.२ घसेंमी येते. सिलिंडर झिजले म्हणून ०.५० मिमी ओव्हरसाइझ (मूळ मापाहून मोठा) बोअर मारला, की आकारमान ३२९.१ होते आणि वरची जागा तीच राहिल्यास कम्प्रेशन ९.६ वर चढते. उतरवायला निघालो होतो, उलट वाढले! समुद्रसपाटीला ०.५ बार बूस्ट दिल्यावर या ९.६ चा परिणाम ढोबळमानाने १४.३ इतका होतो, ८.५ ठेवले तर १२.७. साध्या पेट्रोलवर चालवायचे इंजिन दुसऱ्या आकड्याजवळ ठेवावे. त्यासाठी वरची जागा ४३.९ घसेंमी लागते, म्हणजे सिलिंडरमागे ५.७ घसेंमी जास्त.

ही जागा खोलगट डोक्याच्या पिस्टनमधूनच काढावी. हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि ब्लॉक (सिलिंडर असलेले मुख्य धड) यांच्यात जाड गॅसकेट किंवा एकावर एक दोन गॅसकेटी हा स्वस्त उपाय अजून सुचवला जातो. तो ऐकू नये. या बोअरला १ मिमी जाडीमागे जेमतेम ४.४ घसेंमी मिळतात, आणि पिस्टन व हेड यांच्यातली अरुंद फट मोकळी झाल्याने मिश्रण नीट घुसळले जात नाही. कम्प्रेशन उतरते, नॉकिंग (मिश्रण अवेळी स्फोटासारखे पेटणे) मात्र तसेच राहते.

पिस्टन फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) घ्यावेत. २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पिस्टन मार सोसतात, पण तापल्यावर जास्त फुगतात. म्हणून त्यांना भिंतीपासून साधारण ०.०७ ते ०.१० मिमी फट लागते. मूळ ओतीव पिस्टनला ०.०२ ते ०.०४ पुरते. थंड इंजिनात मग पिस्टन थोडे वाजतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नये, कारण अंतिम माप पिस्टन मोजूनच ठरते.

होनिंग (बोअरच्या भिंतीचे शेवटचे बारीक घासकाम) करताना हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट ठेवून मूळ टॉर्कने (पिळाच्या जोराने) बोल्ट आवळलेले हवेत. बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वाकडातिकडा होतो. ढिल्या ब्लॉकमध्ये गोल दिसणारा बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. अशी प्लेट बऱ्याच बोअरिंगवाल्यांकडे नसते, तेव्हा ती ४०-५० मिमी जाडीच्या पोलादातून करून घ्यावी लागते. पावसाळ्यात आणखी एक काळजी. जुलैच्या दमट हवेत ताजे होन केलेले सिलिंडर उघडे राहिले, तर सकाळपर्यंत त्यांवर तांबूस गंज धरतो. साबणाच्या गरम पाण्याने घासून धुतल्यावर लगेच पुसून, तेलाचा हात फिरवून ब्लॉक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा. धुताना पांढरे फडके सिलिंडरमध्ये फिरवावे. ते काळपट निघते तोवर होनिंगची पूड आत आहे.

रिंगची फट : बूस्टच्या इंजिनात सर्वाधिक नुकसान इथे होते. रिंगच्या (पिस्टनभोवतीच्या कड्याच्या) दोन टोकांमधली फट साध्या इंजिनात बोअरच्या ०.४ टक्का ठेवतात, म्हणजे ७४.५ मिमी बोअरला ०.३० मिमी. सुपरचार्जरला ०.५५ ते ०.६ टक्के, म्हणजे ०.४१ ते ०.४५ मिमी हवी. दुसऱ्या रिंगला तितकीच किंवा जराशी जास्त. जास्त इंधन जळते, रिंग जास्त तापते, लांबते. टोके एकमेकांना भिडली की रिंगला जायला जागा उरत नाही आणि ती पिस्टनची कड उचकटते. फुटलेल्या पिस्टनचे खापर मग बूस्टवर फुटते.

रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सुमारे २५ मिमी खाली सरळ सरकवावी आणि फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्याने) पाहावी. पाते थोडे अडखळत जावे, सहज घसरू नये. घासायचे ते एकाच टोकाला, बाहेरून आतल्या दिशेने. उलट घासले तर बाहेरच्या काठाचा मुलामा उडतो. कडांवरचे बारीक कुसळ ऑइलस्टोनने काढावे. चार सिलिंडरच्या आठ रिंगांत अर्धा दिवस जातो, आणि हे काम मदतनीस पोरावर सोडण्यासारखे नाही.

कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारे दांडे) ०.५ बारपर्यंत बहुधा मूळचेच चालतात. रॉड तोडते ती प्रामुख्याने वाढवलेली आरपीएम (मिनिटाला फेरे). बोल्ट मात्र नवे घालावेत आणि नंतर बिग एंडची (रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) गोलाई पुन्हा मोजावी, कारण नव्या बोल्टच्या आवळीने ती बदलते. बेअरिंगची फट जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, ४५ मिमीला ०.०४५ मिमी, प्लास्टीगेजने (दाबून फट मोजायच्या मऊ दोऱ्याने) तपासावी. तेलाचा दाब दर हजार आरपीएमला निदान १० पीएसआय (दाबाचे एकक) मिळायला हवा.

हेड आणि ब्लॉक यांचा सपाटपणा ०.०५ मिमीच्या आत असावा, गॅसकेट अनेक थरांच्या पोलादी पत्र्याची असावी आणि एकदा ताणलेले हेड बोल्ट परत वापरू नयेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट फार बारीक ठेवू नये; व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः तिथूनच बाहेर पडते. ब्लॉक फेसिंगला (वरचा पृष्ठभाग सपाट करायला) देताना इंजिन नंबर कुठे ठोकला आहे ते आधी पाहून सांगावे. तो पुसला गेला तर आरटीओत उत्तर देता देता नाकी नऊ येतात. मुळात मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

क्रँककेसची (क्रँकभोवतीच्या पेटीची) वाफ ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह हमखास विसरला जातो. बूस्टमध्ये मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळांचा) दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरतो आणि तेल सील व डिपस्टिकमधून बाहेर येते. पाइपात एकेरी व्हॉल्व्ह घातला की प्रश्न मिटतो. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मूळ मॅप सेन्सरही १ बारच्या आसपासच थांबतो, त्याऐवजी २ बारचा लागतो.

इंधन आणि उष्णता : ३५ अंशांची हवा ०.५ बारने दाबली की साधारण ६० टक्के कार्यक्षमतेच्या रूट्स ब्लोअरमधून ती सुमारे ९८ अंशांवर निघते. २० अंशांच्या हवेला हाच आकडा ८० येतो. थंड देशांतले किटचे मॅप (इंधन आणि इग्निशनचे तक्ते) मुंबईत जसेच्या तसे चालत नाहीत, ते यामुळे. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर इथे चैन नव्हे. इग्निशन (ठिणगीची वेळ) बूस्टच्या दर पीएसआयमागे एक अंश मागे घेण्यापासून सुरुवात करावी, प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) घ्यावेत आणि फट ०.६-०.७ मिमी ठेवावी. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साध्या पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. म्हणून ट्यूनिंग हवा-इंधनाच्या आकड्यावर न करता लॅम्डावर (प्रत्यक्ष हवा भागिले त्या इंधनाला नेमकी लागणारी हवा) करावे, पूर्ण बूस्टला ०.७८ ते ०.८२. १२० अश्वशक्तीसाठी चार इंजेक्टर प्रत्येकी किमान २४० घसेंमी प्रति मिनिट क्षमतेचे हवेत. जुन्या गाडीचे रबरी इंधनपाइप याच वेळी बदलावेत.

सुटे भाग : गॅसकेट, सील, बेअरिंग यांसाठी ऑपेरा हाऊस परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड या नेहमीच्या पेठा. चोर बाजारातला जुना ब्लॉक स्वस्त पडतो, पण तडा तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

फेरबांधलेले इंजिन आधी मूळ मॅनिफोल्डवर, सुपरचार्जरशिवाय चालवावे. साधे मिनरल ऑइल घालून पहिल्या अर्ध्या तासानंतर तेल-फिल्टर बदलावे, मग ५०० आणि १,००० किमीला. दादर-सायनच्या रहदारीत रांगत राहिल्याने रिंगा बसत नाहीत. त्यांना भार लागतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग, थोडा जोर, मग गिअरमध्येच पाय काढणे, असे आलटून पालटून चालवावे. शेवटी चारही सिलिंडरचे कम्प्रेशन मोजावे. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तरच पट्टा चढवावा.

हवेचा फिल्टर कुठे बसवला, हेही मुंबईत बांधणीइतकेच महत्त्वाचे. थंड हवेसाठी तो बंपरच्या आत खाली नेण्याची पद्धत हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या एका पावसात महाग पडते. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले की नव्या बोल्टसकट रॉड वाकतो. फिल्टर बोनेटच्या उंचीवर, हेडलाइटच्या मागे ठेवावा.